बटाट्याच्या धिरड्यांच्या स्टॉलवरची पाटी

आज न्युरेम्बर्गच्या ख्रिसमस मार्केटमधून परत आले, आणि किळस अजून जात नाहीये.

सहकाऱ्याची आई पुण्याहून आली आहे. काकू अंडंसुद्धा खात नाहीत. बटाट्याच्या धिरड्यांच्या स्टॉलवर त्यांनी मुलाला विचारलं, "मला चालेल ना रे?"

"बटाटाच आहे गं, खा बिनधास्त!"

पाटीवर जर्मनमध्ये स्पष्ट लिहिलं होतं, डुकराच्या चरबीत तळलेलं. मी त्याला पाटी दाखवली.

तो हसला आणि काकूंना ऐकू जाणार नाही असं हळूच म्हणाला, "वाचलंय मी. तिला कुठे जर्मन येतं?"

तेवढ्यात काकूंनी अर्धं धिरडं माझ्यापुढे धरलं. "घे गं, काय कुरकुरीत झालंय!"

"पोट भरलंय, काकू," मी म्हणाले.

त्याच्या हसण्याची किळस येतेच आहे. पण खोटं मीही बोलले.

काकू उद्या पुन्हा तिथेच जाणार आहेत. तुम्ही सांगितलं असतं का?