एक पंप आत

पपांना माती देऊन घरी आले आणि सगळ्यात आधी मी बंदूक उडवली.

एअरगन. घाबरू नका.

निर्मळच्या आमच्या वाडीत ज्यांनी चहा घेतलाय, त्यांना ती माहीत आहे. दांडा मारून हवा भरायची, एक छर्रा घालायचा, आणि केळीपलीकडच्या शेवटच्या माडावर टांगलेला पावडरचा डबा वाजवायचा. पाखरावर कधीच नाही.

गोखिवऱ्याच्या गाळ्यात पपांनी आयुष्यभर लेथ चालवली. रिटायर झाल्यावर रविवारी चर्चमधून, मिस्साहून आले की ओट्यावर पेपर पसरून बंदूक खोलायचे. पंपाचा वॉशर माझ्या जुन्या बुटाच्या चामड्यातून कापलेला. त्याला तेल आईच्या बाटलीतलं, खोबरेल.

थंडीत ते गोठायचं आणि पंप जाम. मग बंदूक उन्हात ठेवून पपा शेजारी बसून राहायचे.

आई म्हणायची, "आता तिला स्वेटर पन घाला."

बंद करून भिंतीला लावताना न चुकता एक पंप मारायचे. छर्रा नाही, नुसती हवा.

"एक पंप आत ठेवायचा. पार रिकामी ठेवली तर सुकते ती."

पपा जायच्या आधीच्या वर्षी डबा जवळ यायला लागला. माडावरून विहिरीपाशी. विहिरीपासून ओट्यासमोरच्या जास्वंदीला.

मला वाटलं, डोळे. हाफ डे टाकून वसईला नेलं, नंबर काढला, नवी फ्रेम घेतली. पपांनी ती गुपचूप घातली.

मग त्यांनी पंपाचा दांडाच बदलला. जुन्या गाळ्यातून पाइप वळवून आणला, चांगला हातभर लांब.

"पपा, ही बंदूक आहे की बोअरिंगचा हातपंप?"

"लांब दांड्याला जोर कमी लागतो."

"आणि तुमचा जोर कुठे गेला?"

"हाय की. वाचवून ठेवतो."

मी त्याचा व्हिडिओ स्टेटसला टाकला. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी हसून दाद दिली होती. मीही हसले होते.

पूर्वी आठ पंप मारायचे. त्या नाताळात तीनच मारत होते. मी तेव्हा मोजलेच नाहीत, नंतर व्हिडिओत मोजले.

नंतर डॉक्टर म्हणाले, "कित्येक महिने दम लागत असणार यांना." पपा आईलाही बोलले नव्हते.

माती दिली त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं. बंदूक कोणाच्या हाताला लागू नये म्हणून मी ती वाडीत नेली, तोंड मातीकडे केलं आणि ट्रिगर दाबला.

फुस्स.

खोबरेलाचा वास आला. आणि मग आठवलं, एक पंप आत.

पपांच्या हातची तेवढीच एक गोष्ट घरात उरली होती. ती मी काळजीपोटी मातीत सोडून दिली. याचं मला अजून रडू येतं.

आज वर्ष झालं. सकाळची मिस्सा झाल्यावर ओट्यावर पेपर पसरला आणि बंदूक खोलली. वॉशर सुकून तडकला होता.

आईने आतून पपांचा चर्चचा बूट आणून दिला. "काप. तसा पन कोनाला व्हत नाय."

कापला, खोबरेल लावलं, बंदूक जोडली.

पपा, तो लांब दांडा किती हलका जातो हो. मला एका हाताने जमला.

तुम्हाला तोही जड जात होता.

एक पंप आत ठेवलाय. आता निवांत झोपा.