श्रावणीच्या पानाचा समास

एकशे बारा फ्रेम्स. सागवानी देव्हारे सात. दोन शाळांच्या काचेच्या शोकेस. ज्यावर हे सगळं झालं ते वर्कटेबलही माझ्याच हातचं.

कुठे शिकलो नाही. बघून बघून आलं. माझा काटकोन नव्वदचा असतो, एकोणनव्वदचा नाही.

आणि याच हातांनी मी एका मुलीची आई कापून टाकली.

गायकवाड बाई आज सकाळी गेल्या. मोहने गावच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. आज हे लिहायलाच हवं.

दरवर्षी आठवीची मुलं घेऊन बाई मुंबईला म्युझियममध्ये जायच्या. एकाच वस्तूसमोर वीस मिनिटं बसायचं. शेजारची पाटी वाचायची नाही. घरी येऊन एक पान लिहायचं, मला काय दिसलं ते.

एका वर्षी ती पानं घेऊन बाई ठाकुर्लीला माझ्या दुकानात आल्या.

"दादा, बत्तीस फ्रेम्स. शाळेच्या जिन्यात लावायच्यात. साध्या चालतील, पण काच हवी. पोरं बोट ठेवून वाचतात."

पानं बघून डोकं फिरलं माझं. कुणी वहीतून टरकावलेलं, कुणाची कड उंदराने कुरतडल्यासारखी.

बाईंना न विचारता मी सगळी एका मापाची केली. स्टीलची पट्टी, नवं ब्लेड.

एका पानाच्या समासात पेन्सिलने काहीतरी उभं लिहिलेलं. फिकट. मला वाटलं कच्चं काम, खोडायचं राहिलंय.

कापलं.

जिन्यात सगळ्यांनी वाहवा केली. खोटं कशाला बोलू, छाती फुगलेली माझी.

श्रावणी नावाची मुलगी तिच्या फ्रेमच्या कडेने बोट फिरवत होती. हात तुटलेल्या एका दगडी बाईवर लिहिलेलं तिने.

"काका, माझी आई कुठे गेली?"

"म्हणजे?"

"मूर्तीचं मधे लिहिलेलं, आईचं बाजूला. पेन्सिलने."

"अगं, समासात नसतं लिहायचं." एवढंच सुचलं मला.

"बाई म्हणालेल्या, कुठेही लिही."

दुकानात येऊन कचऱ्याचा डबा उलटा केला. कापलेल्या पट्ट्या आदल्या दिवशीच घंटागाडीत गेलेल्या.

बाई रागावल्या नाहीत. ते जास्त जड गेलं.

"बाई, तुम्ही वाचलेलं ना? काय होतं?"

"वाचलंय की. पण मी सांगून काय उपयोग, दादा? तिला विचारा. लिहील ती परत."

नाही विचारलं. तेरा वर्षांच्या पोरीसमोर चूक कशी कबूल करायची, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आणि एवढं एक माझं मी शिकलोही नाही.

ती फ्रेम अजून जिन्यात आहे, असं ऐकतो. चारही कोपरे चोख. मी त्या शाळेत पुन्हा गेलो नाही.

बाई, बत्तीसमधली ती एक माझ्या लेखी वाकडीच आहे. माफ करा. सुखाने जा.

त्या फ्रेम्सनंतरच्या वर्षी बाई पुन्हा दुकानात आलेल्या.

"यंदा आमच्याबरोबर चला. लाकूड-दगड कसा घडतो ते पोरांना तुमच्यासारखं कोण सांगणार? श्रावणी पण येतेय, मदतीला."

कशासाठी बोलावतायत, ते मला श्रावणीचं नाव येताच कळलं होतं.

दिवसाचे पाचशे देणार होत्या, स्वतःच्या पगारातून.

मी म्हणालो, "पाचशेसाठी मी दिवस मोडत नाही, बाई."