चुन्याचं बोट

आमचे थोरले दीर घरातल्या भांड्यांना मारायचे. हसू नका. मी नवी सून म्हणून आले आणि हळद उतरायच्या आधीच त्यांना कुऱ्हाडीनं रांजण फोडताना पाहिलं.

त्याच्या आदल्या साली प्लेगात गाव उठून रानात झोपड्या घालून राहिलं होतं. तिथं दिरांची एकुलती पोर गेली. परत येऊन दार उघडलं तर म्हणाले, "हे उखळ आपलं न्हाई." मग पाटा आपला नाही, समई आपली नाही. केजकडच्या एका देवऋषीनं आगीत तेल ओतलं. म्हणे, रिकाम्या घरात खवीस शिरलाय, तो भांड्याकुंड्यांचं रूप घेऊन बसतो. चुन्याला भितो. रोज सकाळी सगळ्या जिनसांवर चुन्याचं बोट लावा. खूण नसंल ती वस्तू खविसाची, तिच्यावर घाव घाला. मेला देवऋषी! त्याच्या बापाचं काय जात होतं?

बोटं लावायचं काम जाऊबाईंचं, म्हणजे दिरांच्या बायकोचं. एखादी पळी राहिली तर दीर आधी पळी ठेचायचे, मग बायकोला. "तूच लपीवलंस त्याला!" एकदा वासराला बोट लावायचं राहिलं. गोठ्यातून आलेला तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मी नवऱ्याला म्हटलं, उद्या जाऊबाईंची पाळी येईल, भावाला आवरा. तर म्हणाला, "घरातलं घरात ऱ्हाऊ दे. जमादाराला कळलं तर लई बेअब्रू हुईल." अब्रू म्हणे! असा संताप आला मला.

उन्हाळ्यात एका दुपारी जाऊबाई नदीवरून न्हाऊन आल्या. केस मोकळे, कपाळावरचं कुंकू धुऊन गेलेलं, कमरेवर घागर. दीर अंगणात लाकडं फोडत होते. त्यांनी मान वर केली.

"हिच्यावर खूण न्हाई."

"अवो, मी हाय," जाऊबाई म्हणाल्या.

"तसंच बोलतो त्यो!"

पहिला घाव घागरीवर बसला. जाऊबाई दाराकडं धावल्या, तर दुसरा खांद्याला चाटून दाराच्या चौकटीत रुतला. रक्त उंबऱ्यावर सांडलं. दीर कुऱ्हाड उपसत होते तेवढ्यात मी कोनाड्यातल्या चुन्याच्या मडक्यात हात घातला आणि जाऊबाईंचं मनगट चुन्यानं माखलं. धाकट्या सुनेनं थोरल्या दिरासमोर तोंड उघडायचं नाही, अशी आमच्यात रीत. मी पदर फेकून ओरडले, "डोळं फुटलं का तुमचं? ही बघा खूण!"

त्यांनी कुऱ्हाड टाकली. बायकोच्या पायाशी बसून लेकरासारखे रडले, "हिला मारलं असतं की गं मी!" मला त्यांची कीव आली, आणि तीच कुऱ्हाड उचलून त्यांच्या डोक्यात घालावी असंही वाटलं.

तेव्हापासून रोज भांड्यांच्या आधी जाऊबाईंच्या मनगटाला चुना. कातडं सोलायचं, चिघळायचं, त्याच्यावर परत चुना. तो हात दिरांना दाखवल्याशिवाय त्या चुलीपुढं बसायच्या नाहीत.

दीर म्हातारे होऊन गेले. बायका जमल्या, बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. एकीनं ओल्या पदरानं मनगटावरचा पांढरा डागही पुसायला घेतला. तो कुठला निघतोय, कातडंच पांढरं झालेलं. तिनं हात सोडला, तर जाऊबाईंनी तो पुन्हा तिच्यापुढं धरला.

"चोळ की, चोळ! मलाबी बगू दे, खाली मीच हाय का दुसरी कोण."