रिकाम्या बायस्कोपमधला हत्ती

मी हिंगोलीत एका लॅबमध्ये रक्त तपासते. रिपोर्टमध्ये येईल ते खरं, बाकी सगळ्या गप्पा — असा माझा स्वभाव. चमत्कारिक अनुभव सांगणाऱ्यांची मी भरपूर खेचलीय. आता तुम्ही माझी खेचा, हरकत नाही... पण सांगितल्याशिवाय राहवत नाहीये!

माझे बाबा तरुणपणी जत्रांमधून बायस्कोप, म्हणजे भिंगातून सरकती चित्रं बघायचा डबा, दाखवायचे. आठ महिन्यांपूर्वी त्यांना लकवा झाला. उजवा हात गेला, बोलणंही गेलं. जत्रेत घसा फाडून ओरडणारा माणूस पाणी हवं असलं की भांडं वाजवायला लागला.

मागच्या रविवारी दुपारी त्यांना जवळा बाजारला नेलं. तिथे एका रिटायर्ड फिटरकाकांनी गोदामात जत्रेतली जुनी यंत्रं मांडलीत. किल्लीवर ढोल वाजवणारं माकड, तिकीट देणारं वजनाचं मशीन, नाण्यावर चालणारा व्हिडिओ गेम... मी तर लहान पोरीसारखी पळत होते! वळून बघते तर बाबा एका बायस्कोपपाशी थांबलेले. डाव्या हातात हँडल.

बायस्कोपवाल्याच्या घरचं लेकरू सगळ्यात शेवटी बघतं, गिऱ्हाईक आधी. लहानपणी माझा नंबर येईपर्यंत ऊन उतरायचं आणि डब्यात अंधार. गावोगावच्या पोरांनी बाबांच्या डब्यात पाहिलेला हत्ती मी कधीच पाहिला नव्हता. त्याचा रागही होता मनात.

बाबांनी मानेनेच खूण केली. मी भिंगाला डोळा लावला. हँडल कुरकुरलं... आणि हत्ती! अंबारीसकट! मग धूर सोडणारी आगगाडी! तेवढ्यात डोक्यावरून घोगरा, अडखळता आवाज आला — "बघ... बघ पोरी, गाडी आली!"

बाबा बोलले होते!

फिटरकाका धावत आले. "अहो, काहून फिरवून राहिले? त्यात काहीच न्हाई!" त्यांनी झाकण उघडलं. आत चित्रांची पट्टी नव्हती, कोळ्याचं जाळं तेवढं होतं. "मिळाला तवापासून रिकामाच हाय, ताई."

डॉक्टर म्हणतात, वाचा अशी परत येऊ शकते. मान्य. पण मला दिसलं ते काय? जुनी आठवण म्हणावी, तर आधी पाहिलंच नव्हतं!

काल धीर करून विचारलं, "बाबा, डबा तर रिकामा होता ना?"

बाबा खवळले. "रिकामा? मंग तुला... दिसलं काय, माझं कपाळ?"

आठ महिन्यांनी बाबा माझ्यावर ओरडले हो! मी हसत स्वयंपाकघरात गेले आणि तिथे पोटभर रडले.