जावयाला धरायचं नसतं

छप्पन साली आम्ही मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेलो आणि साठ साली महाराष्ट्रात आलो. घर तेच, पांढरकवड्याला कचेरीच्या मागच्या गल्लीतलं. राज्य दोनदा बदललं, शेर जाऊन किलो आले, तहसीलदार तर असे यायचे-जायचे की त्यांच्या बायकांशी ओळख होईस्तोवर बदलीचा हुकूम निघे. एवढ्या सगळ्यात बदलला नाही तो कचेरीच्या कबड्डी संघाचा कप्तान. म्हणजे आमचे हे.

हे कचेरीत कारकून. दिवसभर लोकांच्या जमिनीचे कागद वर-खाली करायचे आणि पाच वाजले की टोपी खुंटीला लावून, धोतराचा काचा मारून मैदानावर. चढाई कायम यांचीच. बाकीचे सहा जण मागे हात धरून उभे राहत आणि हे एकटे समोरच्यांच्या अंगणात शिरत. खोटं कशाला बोलू, उमेदीत असताना यांना पाहण्यासारखं होतं. दम असा की एका श्वासात दोन वेळा रेघ गाठून परत यावं. लग्नाआधी मला कोणी काही विचारलं नव्हतं, पण विचारलं असतं आणि त्याआधी एकदा यांची चढाई दाखवली असती, तर मी हो म्हटलं असतं.

पण माणसानं किती दिवस खेळावं? बासष्ट साल आलं तेव्हा यांनी चाळिशी ओलांडली होती. डोईवरचे केस मागे सरकले, पोट पुढे सरकलं. उजवा गुडघा उतरताना कटकट वाजायचा. हे ओसरीच्या पायऱ्या उतरले की मला चुलीपाशी कळायचं. "गुडघा दुखतो का?" विचारलं की म्हणायचे, "छे, दुखायला काय झालं?" मग मी मोहाचं तेल गरम करून लावायला बसले की म्हणायचे, "लाव, कातडी मऊ राहते." मी पण मुकाट्यानं कातडी मऊ करायची. सुंभ जळला तरी पीळ काही जळत नाही, हे लग्नानंतर महिन्याभरातच माझ्या ध्यानात आलं होतं.

संघात एक बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा तरणा गडी होता, कचेरीत चपराशी. काय त्याचे पाय होते. सरावात तो यांना तीनदा बाद करायचा आणि चौथ्यांदा लाजून स्वतःच बाद व्हायचा. सामन्यात त्याला चढाई मिळायचीच नाही. त्यानं कप्तानाचा हात धरून कोपऱ्यात उभं राहायचं. कचेरीत कुजबुज चाले, पण कप्तानाला सांगणार कोण? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कोणी? कोणी आडून काही बोललंच तर यांच्याजवळ एक उत्तर ठरलेलं होतं: "मी थकलो म्हणता? मग सासुरवाडीत मला अजून कोणी धरू का शकत नाही?"

आणि ते खरं होतं. माझं माहेर केळापूरच्या पलीकडे, बैलांच्या दमणीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. दर संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करीला, कचेरीचा संघ आमच्या गावी जाई आणि गावच्या पोरांशी सामना होई. ती पोरं म्हणजे कापसाची गाठोडी एका हातानं उचलणारी. भल्याभल्यांना लोळवायची. पण पहिली संक्रांत सोडली तर इतक्या वर्षांत यांना त्यांनी एकदाही धरलं नव्हतं.

काहून धरलं नव्हतं, ते यांना सोडून सगळ्यांना माहीत होतं.

लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला हे सणाला आले आणि हौसेनं मैदानात उतरले. माझ्या धाकट्या भावानं पायाचा घोटा पकडला, बाकीचे वर पडले आणि नवा जावई नव्या धोतरासकट काळ्या मातीत. हे हसत उठले. माझे बाबा मात्र खाटेवरून उठले ते लालबुंद होऊन. ज्याचे पाय धुऊन आपण पोरगी दिली, त्याचे पाय ओढता? सगळ्या संघाला त्यांनी रात्री घरी बोलावलं आणि हे झोपल्यावर अशी हजेरी घेतली की पोरांनी मारुतीच्या साक्षीनं कानाला खडा लावला. माझा नवरा म्हणजे सगळ्या गावचा जावई, त्याला धरायचं नाही. त्या दिवसापासून हे रेघ ओलांडून आले की समोरची सात जणं पांगायची. भावाचा हात सवयीनं यांच्या घोट्याकडे जायचा आणि तव्याचा चटका बसल्यासारखा मागे यायचा. हे एखाद्याला हात लावून ऐटीत परत यायचे आणि रात्री जेवताना बाबांना समजावून सांगायचे, की तुमच्या पोरांची पकड चांगली आहे पण त्यांना माझी चाल ओळखता येत नाही. बाबा मान डोलवायचे आणि यांच्या ताटात आणखी तूप ओतायचे. आम्ही बायका चुलीपुढे तोंडाला पदर लावून बसायचो.

मला आधी गंमतच वाटे. झाकली मूठ सव्वा लाखाची, कोणाचं काय जातं? पण त्रेसष्टच्या संक्रांतीला मामला वेगळा होता. महिन्याभरानं यवतमाळला जिल्ह्याचे सामने होते. पहिल्यांदाच कचेरीचा संघ जायचा होता आणि यांनी पहिली चढाई स्वतःच्या नावानं ठेवली होती. यवतमाळला काही कोणी यांचा सासरा बसला नव्हता. तिथं पोलिसांचा संघ यायचा, कॉलेजातली पोरं यायची. ती गुडघा बघणार नव्हती की वय बघणार नव्हती. मला दोन-तीन आठवडे डोळ्यांपुढे तेच दिसत होतं, हे पडलेत, उठता येत नाही आणि हजार माणूस हसतंय. ओसरीच्या पायऱ्या उतरताना ज्याला भिंत धरावी लागते त्यानं जिल्ह्याला जायचं? बरं, बोलायची सोय नाही. मी बोलले असते तर पडलो तरी नाक वर असा यांचा कारभार, दोन दिवस जेवले नसते आणि तिसऱ्या दिवशी गेलेच असते.

तेव्हा मी ठरवलं, पडायचंच असेल तर माझ्या माणसांच्या हातून पडू दे.

करीच्या दिवशी सकाळी भाऊ गोठ्यात धार काढत बसला होता. माहेरी पाय टाकला की माझी जीभ आपोआप तिकडची होते. मी म्हटलं, "यंदा त्यायले धर."

"कोनाले?"

"तुह्या भाऊजीले."

त्यानं धार थांबवली. "बाई, सकाऊनच काय बोलून राह्यली तू? जावयाले धरू? बाबा मले जित्ता गाडन."

"बाबाले मी पाहीन. तू धर. जोरानं पाडू नको, पन एकदा धरला का सोडू नको."

"अन् कायले पन?"

मी यवतमाळचं सांगितलं. गुडघ्याचं सांगितलं. तो गाईच्या पोटाला डोकं टेकून बसला. मग म्हणाला, "मी धरीन, पन मंग तूच रडशीन."

"रडीन. तुले काय करायचं हाय?" मी म्हटलं आणि पुरणाला बघायला आत गेले.

ऊन कलल्यावर सामना सुरू झाला. मारुतीच्या देवळासमोर पोरांनी दगड वेचून, माती मोकळी करून मैदान केलं होतं. एका बाजूला खाटेवर बाबा आणि गावची जुनी मंडळी, देवळाच्या ओट्यावर आम्ही बायका. यांनी गुडघ्याला लाल रुमाल बांधला होता. तीन वर्षांपासून बांधत होते आणि विचारलं तर म्हणायचे, शोभेला. रेघेला हात लावला, हात कपाळाला लावला आणि निघाले.

पहिल्या चढाईला भावाचा हात पुढे आला आणि नेहमीसारखा मागे गेला. यांनी एकाला बाद केलं. बाबांनी मिशीवरून हात फिरवला. मी ओट्यावरून भावाकडे असे डोळे वटारले की बाजूची वहिनी विचारायला लागली, काय झालं. दुसऱ्या चढाईला तो माझ्याकडे बघेचना. यांचा दम मला ओट्यावर ऐकू येत होता. पूर्वी 'कबड्डी कबड्डी' असं एकसारखं चालायचं, आता मधेच शब्द बारीक व्हायचा, आतल्या आत श्वास ओढल्यासारखा. पंच गावचाच, यांना भाऊजी म्हणणारा. त्याला बरं ते ऐकू यायचं?

तिसऱ्या चढाईला भावानं घोटा धरला.

 बाकीच्या सहा पोरांनी धावून यायला हवं होतं, पण ती जागच्या जागी खिळली, जणू कोणाच्या हातून देव्हारा पडला. म्हणजे पकडणारा भाऊ एकटा आणि ओढणारे हे एकटे. हे आधी हसले. त्यांना वाटलं, सुटेल. मग कळलं, सुटत नाही. मग ते खरोखर ओढायला लागले. ते जमिनीवर पडले, कोपरांवर सरकले. रेघ वीतभर राहिली होती. बोटं लांबवलेली, तोंडानं कबड्डी चालूच आणि मी, जिनं हे सगळं करायला लावलं ती मी, मनात म्हणत होते की पोहोचा हो, एवढ्या खेपेला पोहोचा. पोहोचले नाहीत. दम तुटला तो सगळ्यांना ऐकू आला.

बाबा खाटेवरून उठले. पण ते काही बोलायच्या आत भावानं घोटा सोडला, यांच्यापुढे गुडघ्यावर बसला आणि यांच्या मातीनं भरलेल्या पायांवर डोकं ठेवलं. वर बघेचना. हे उठून बसले होते, मिशीत माती, रुमाल सुटलेला.  मग त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "इतकी वर्षं काहून थांबला होता?"

 यांनी एकेका पोराच्या तोंडाकडे बघितलं, मग बाबांकडे. बाबांनी मान खाली घातली. सगळं कळलं त्यांना, मला दिसत होतं कळताना. पहिल्या संक्रांतीपासूनची एकेक चढाई त्यांच्या हातून परत जात होती. त्या घडीला मला माझ्या भावाचा राग आला, बाबांचा आला, माझा स्वतःचा तर फारच आला.

मग हे उठले, लंगडत मैदानाबाहेर गेले आणि बाद झालेला गडी बसतो तिथे मातीत बसले. तांड्यावरचा गडी कोपऱ्यात तसाच उभा. हे तिथूनच ओरडले, "आता माझ्याकडे काय बघतोस? जा, चढाई कर." तो गेला. त्याला आमच्या गावात कोणी पोरगी दिलेली नव्हती, तेव्हा पोरांनी त्याला धरायची शिकस्त केली. एका दमात चौघांना बाद करून आला. त्या दिवशी कचेरीचा संघ आमच्या गावी पहिल्यांदा खऱ्यानं जिंकला, आणि कप्तान बाहेर बसून जिंकला.

बाबा भावाशी होळीपर्यंत बोलले नाहीत. मी बाबांचं पाहून घेते म्हटलं होतं, पण माझी ती हिंमत काही झाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना यांना दोन धोतरजोड्यांचा आहेर झाला. एक सणाची आणि दुसरी कशाची, ते कोणी बोललं नाही.

परतताना दमणीत आम्ही दोघं मागे आणि पुढे गाडीवान. दोन्ही बाजूंना वेचायचा राहिलेला कापूस.  नाला ओलांडल्यावर हे म्हणाले, "त्याला कोणी सांगितलं?"

मी म्हटलं, "मी."

यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं, आता पांढरकवड्यापर्यंत तोंडातून शब्द नाही आणि पुढचे आठ दिवस अबोला.  पण हे म्हणाले, "यवतमाळला पहिली चढाई त्या पोराला देतो. मी येईन, पाणी द्यायला कोणीतरी लागेलच." मी हूं म्हटलं. याच्यावर मी काही बोलले असते तर रडले असते आणि पुढे गाडीवान होता.

आणखी थोडं गेल्यावर यांनी उजवा पाय हळूच लांब केला आणि गाडीवानाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले, "गुडघा दुखतो गं."

लग्नानंतर पहिल्यांदा यांच्या तोंडून मी हे ऐकलं. भाऊ म्हणाला होता ते तेव्हा खरं झालं, मी कापसाकडे तोंड करून पदरानं डोळे पुसत बसले. जरा वेळानं विचारलं, "केव्हापासून?"

"चार वर्षं झाली असतील."

"पाच," मी म्हटलं.

यांनी वाद घातला नाही.