माळ कुणाच्या दारात

मी लिहावं की नाही, हे मला अजून कळत नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि तेवढ्यावरून घरच्यांना वाटतं की मला लिहिता येतं. वाचणाऱ्यांची आधीच माफी मागतो, कारण विषय कुत्र्याचा आहे.

आमचं गाव इंदापूर तालुक्यात. गेल्या दिवाळीत फटाक्यांना घाबरून आमचं कुत्रं पळालं. नऊ दिवसांनी ते शेजारच्या गावात, ऊसतोड कामगारांच्या कोपीपुढं, म्हणजे पाचटाच्या झोपडीपुढं, सापडलं. तिथल्या बाई म्हणाल्या, "आमी त्याला गावाकडं न्हेणार हुतो." म्हणजे हंगाम संपल्यावर ते ट्रकमधून कायमचं गेलं असतं. बांधलं तर ते पट्ट्यातून मान सोडवतं, कोंडलं तर खिडकीची जाळी फाडतं. तेव्हापासून फटाका वाजला की मी आधी कुत्रं शोधतो.

यंदा आबा, म्हणजे माझे वडील, गावच्या दूध संस्थेच्या निवडणुकीला उभे राहिले. समोर उभे होते गल्लीच्या दुसऱ्या टोकाला राहणारे तात्या. आमच्याकडं निवडून आलेला माणूस फटाक्यांची माळ स्वतःच्या दारात लावत नाही, पडलेल्याच्या दारात लावतो. आबा पडले तर माळ आमच्या दारात. आणि मतमोजणीच्या दिवशी नेमकं माझं बारामतीला प्रॅक्टिकल.

आदल्या दिवशी मी तात्यांकडं गेलो.

"तात्या, एक विनंती हुती. तुमी निवडून आला तर आमच्या दारात फटाके वाजवू नका. कुत्रं पळून जातं."

तात्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "आबानं पाठवलं व्हय तुला?"

"न्हाय. माझा मीच आलोय."

"कालिजात ह्येच शिकवत्यात का?" आतून काकू मोठ्यानं हसल्या. तात्या मात्र हसले नाहीत. "बरं. दिला शब्द. एक लवंगी बी वाजायची न्हाय."

संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की आबांच्या पोरानं हार कबूल केली. आबा घरी आले ते टोपी आपटतच.

"निकालाच्या आदीच मला पाडून आलास व्हय रं?"

"आबा, मी फक्त कुत्र्याचं बोललो."

"मग त्यालाच उभं करायचं की!"

जेवताना मात्र ते एकदम म्हणाले, "त्यानं शब्द दिलाय न्हवं? मग मी आलो तरी त्याच्या दारात वाजणार न्हाईत. आपुन काय कमी हाय?"

मला फार बरं वाटलं. कुणीही येवो, दोन्ही दारं सुरक्षित. आबांच्या प्रचारातली पोरं आणलेल्या फटाक्यांचं काय करतील, हे मला सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल संपलं तेव्हा बहिणीचे चौदा मिस्ड कॉल होते. मी लगेच फोन लावला.

"आबा आले निवडून!" ती ओरडली.

"कुत्रं कुठं हाय?"

"आदी ऐक तरी. तात्यांच्या दारात वाजवायचे न्हाईत असं आबांनी सांगितलं, मग पोरांनी समद्या माळा आपल्याच दारात लावल्या. आबांना गुलालात काय दिसंना, अजून बी—"

"कुत्रं?"

ती म्हणाली, "पट्टा हितं हाय."

इंदापूरच्या एसटीत मला जागा मिळाली, पण बसवेना. कारखान्याकडं जाणारा उसाचा प्रत्येक ट्रक मी खिडकीतून वाकून बघत होतो. शेजारच्या काकांनी विचारलं, कोण हरवलंय? मी म्हणालो, घरातलंच हाय. ते बिचारे माझ्याबरोबर ट्रक बघू लागले.

बारामती मागं पडल्यावर अनोळखी नंबरवरून फोन आला. तात्या होते.

"तुझं कुत्रं माझ्या खाटंखाली हाय. आख्ख्या गावात आज एवढंच घर शांत हाय, त्याला बरं कळलं."

"तात्या, मी लगीच येतो न्ह्यायला."

"सावकाश ये," ते म्हणाले. "आज माझ्याकडं दुसरं कुनी आलेलं न्हाय."