दीपगृहाचा पडदा

आमच्या किनाऱ्याच्या अगदी उत्तर टोकाला, गुजरातच्या हद्दीजवळ, इंग्रजांच्या काळातलं एक दीपगृह आहे. मावशीचे यजमान, माझे काका, तिथला दिवा सांभाळायचे. पलीकडच्या टेकडीवर आपोआप लागणारा नवा दिवा आला आणि हा बंद झाला. गेल्या थंडीत काकाही गेले. किल्ली अजून मावशीकडेच असते.

परवा तिच्याकडे राहायला गेले होते. सकाळी ती गुडघ्यावर हात टेकत दीपगृहाचा जिना चढली, मी तिच्या मागोमाग. वर माणसाच्या उंचीचं काचेचं भिंग होतं. काका रोज ओढायचे तसा तिने त्याच्याभोवतीचा जाड पडदा ओढून घेतला.

"दिवा तर बंद आहे, मग पडदा कशाला गं?"

"दिवा बंद झालाय. ऊन कुठे बंद झालंय? या भिंगातून ते आत शिरलं की लाकूडसुद्धा पेटतं, बाई."

मी त्या भिंगाकडे बघत राहिले. एवढीशी ज्योत दूरदूरच्या होड्यांपर्यंत पोचवणारं ते, आपलंच घर जाळू शकत होतं. मायेचंही असंच असावं. माणूस असतो तोवर ती बाहेर सांडत राहते. तो गेला की साधी सकाळसुद्धा एकवटून आत येते आणि नेमकी दुखतं तिथेच पडते.

आम्ही उतरून घरी आलो. काकांच्या रिकाम्या कॉटवर ऊन आलं होतं. मावशी क्षणभर उभी राहिली, मग तिने खिडकीचा पडदा ओढला.

दुसऱ्या खिडकीचा मी ओढला.